ऐकवलेल्या कथेची लेखी पोच मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : निर्मात्यांना विश्वासाने सांगितलेल्या कथाकल्पनांना संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे राज्यातील एकांकिका, मालिका व चित्रपटांचे लेखक आहोत. निर्मात्याच्या कार्यालयात वाचन होते, वनलाइन आवडते, चहा येतो. "संहिता मेल करून ठेवा, चॅनेलशी बोलून कळवतो." पुढे फोन येत नाही, प्रोमो येतो. गाव बदललेले असते, नायिकेची नोकरी बदललेली असते, मध्यंतराचा धक्का मात्र तोच. दर वेळी ही चोरीच असते असे नाही. एकच गोष्ट दोघांना सुचू शकते. पण चोरी झालीच असेल, तर निर्मात्याने कथा ऐकली होती हे दाखवणारा कागद लेखकाकडे नसतो.

कल्पनेची मालकी आम्ही मागत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नव्हे, तिच्या मांडणीला संरक्षण देतो आणि ते योग्यच आहे. नाहीतर भाऊबंदकीवर एकाने लिहिले की बाकीच्यांनी गप्प बसायचे. आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' हे आपले नाटक निर्मात्याला वाचून दाखवले होते. पुढे १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. तो नाटकाची नक्कल असल्याचा आनंद यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळला तो याच तत्त्वावर. मात्र २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने विश्वासाने सोपवलेली, पुरेशी फुलवलेली कल्पना परस्पर वापरण्यास मनाई केली. तिथे लेखी टिपण हाताशी होते. आमच्यापैकी बहुतेकांकडे फार तर व्हॉट्सॲपवरची निळी खूण असते.

म्हणून मुख्य मागणी पोचेची आहे. शासनाने एका पानाचा नमुना ठरवावा : कथेचे नाव, पृष्ठसंख्या, तारीख, कोणी ऐकली, पुढे कोणाकडे पाठवली. शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या अनुदानाच्या अर्जासोबत लेखकाचा लेखी करार आणि कथेच्या उगमाबाबत निर्मात्याचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे करावे. लेखकाची हरकत आल्यास अनुदान देण्यापूर्वी सुनावणी व्हावी. कोर्टकचेरी नवोदिताला परवडत नाही.

नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जातेच. तिच्या नोंदीचा तारखेसह दाखला लेखकाच्या नावे द्यावा. चित्रपट-मालिकांच्या कथांसाठीही अशी नोंदणी अल्प शुल्कात जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी. मुंबईबाहेरच्या लेखकाला त्याची अधिक गरज आहे. तसेच, संहितेचे सर्व हक्क आयोजकांकडे घेणारी अट प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापणाऱ्या स्पर्धांना शासकीय साहाय्य देऊ नये.

पोचेच्या नमुन्याचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यावर लेखक व निर्माते यांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली लवकर बोलवावी, ही विनंती.

कळावे,
आपले विश्वासू,
निवेदनकर्ते लेखक
(सह्यांची यादी सोबत)