पहिलं जर्नल विकू नका, वापरा!



हाताने जर्नल बनवण्याचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, हे कितीला विकायचं?" प्रश्न बरोबर आहे, पण तो फार लवकर विचारला जातोय. माझं मत स्पष्ट सांगते. पहिलं जर्नल विकूच नका. महिनाभर स्वतः वापरा आणि त्यात त्याच जर्नलचा हिशोब लिहा.

हे मी का सांगतेय? कारण मी स्वतः तसं केलं नव्हतं, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

माझी 60 डायऱ्यांची ऑर्डर

सुरुवातीच्या काळात एका ऑफिसची दिवाळीची ऑर्डर मिळाली. 60 डायऱ्या, 250 रुपये नग. म्हणजे 15,000 रुपये! सामानाला 6,000 गेले. उरलेले 9,000 नफा, असं मी धरून चालले. मी आणि माझी जाऊ, दोघी 12 दिवस बसलो. एका डायरीला तीन तास, म्हणजे एकूण 180 तास.

मी काय केलं होतं, तर सुट्या कागदांची थप्पी लावली, पाठीला गोंद लावला आणि वरून कापडी कव्हर चढवलं. दिसायला एकदम झकास. पण लोकांनी डायरी पूर्ण उघडून लिहायला घेतली आणि पानं सुटायला लागली. 22 डायऱ्या परत आल्या. 5,500 रुपये परत केले.

आता गणित करा. हातात उरले 3,500. भागिले 180 तास. तासाला 20 रुपयेसुद्धा पडले नाहीत! आणि त्या ऑफिसने पुन्हा फोन केला नाही, ते वेगळंच.

चूक गोंदाची नव्हती, माझी होती. 60 डायऱ्या बनवल्या, पण एकीतही मी चार ओळी लिहून बघितल्या नव्हत्या.

वापरल्याशिवाय न कळणाऱ्या तीन गोष्टी

1. वही सपाट उघडते का? दिवाळीला वहीपूजनात ठेवतात ती लाल कापडाची चोपडी आठवा. ती शिवलेली असते. दुकानदाराला एका हाताने वही दाबून धरत लिहावं लागत नाही. जर्नललाही हेच हवं. ए4 चे 20 कागद घ्या. चार-चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, की पाच जुज तयार होतात. प्रत्येक जुजाची 16 पृष्ठं, म्हणजे 80 पृष्ठांचं ए5 जर्नल. घडीवर टोच्याने भोकं पाडा, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज शिवा आणि आधीच्या जुजाला बांधत जा. बायंडर याला जुजबंदी म्हणतात. वेळ जास्त लागतो, पण पान सुटत नाही.

2. शाई पसरते का? झेरॉक्सचा 75 जीएसएमचा कागद बॉलपेनला चालतो. फाउंटन पेनने लिहिलं, तर बऱ्याचदा मागच्या बाजूला उमटतं. तिथे 100 जीएसएमचा बघा. हातकागद सुंदर दिसतो, पण लिहायला सगळाच चांगला नसतो. काहींवर शाई फुटते. म्हणून आधी दोन-तीन नमुने आणा, लिहून बघा आणि मगच मोठी खरेदी करा.

3. घडी नीट बसते का? कागदातले तंतू एका दिशेने असतात, त्याला ग्रेन म्हणतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, ती ग्रेनची घडी. दुकानात मिळणाऱ्या ए4 कागदाचं ग्रेन बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतं. त्यामुळे तो मधोमध दुमडला की घडी ग्रेनच्या आडवी जाते आणि वही फुगते. ग्रेन लांबीच्या दिशेने असलेला ए3 कागद आणून अर्धा कापा, मग घडी बरोबर ग्रेनच्या दिशेने येते. हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्याच वापरातल्या फुगलेल्या वहीने शिकवलं!

आता त्यात लिहायचं काय?

पहिल्या पानावर सामान: कागद, पुठ्ठा, कापड, दोरा, गोंद. वाया गेलेला कागदसुद्धा धरा. सामान आणायला रिक्षाने गेलात, तर ते भाडंही लिहा.

दुसऱ्या पानावर वेळ. घड्याळ लावून लिहा: कापायला किती, दुमडायला किती, शिवायला किती. "टीव्ही बघता बघता केलं" हा हिशोब नाही.

तिसऱ्या पानापासून रोजची एक ओळ. आज कोपरा दुमडला. आज दोरा सैल वाटला. आज पर्समध्ये कव्हर मळलं.

महिन्याने ही पानं वाचा. समजा सामान 110 रुपये आणि वेळ तीन तास. तासाला 80 रुपये मजुरी धरली, तर 240. म्हणजे 350 रुपये झाले, आणि यात नफा अजून आलाच नाही. आता सांगा, 250 ला विकणार का?

"पण ताई, सीझन निघून जाईल!"

जाऊ दे की! एक सीझन गेला तर पुढचा येतो. पहिल्याच गिऱ्हाइकाने "यांच्या वह्या सुटतात" असं म्हटलं, तर ते नाव पुसायला किती सीझन लागतील? ज्यांना घरखर्चासाठी आत्ताच पैसे हवेत, त्यांची अडचण मला कळते. त्यांनी ओळखीतल्या दोघांना दोन वह्या द्याव्यात, पण "महिन्याने कशी राहिली ते सांगा" ही अट घालून. आधी 60 ची ऑर्डर नको.

महिन्याने तुमच्या हातात एक मळलेली, कोपरे झिजलेली वही असेल. गिऱ्हाइकाला नमुना म्हणून कोरी वही नका दाखवू, हीच दाखवा. "महिनाभर रोज वापरलीय, एक पान सुटलेलं नाही," हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल. आणि भाव किती, असं त्याने विचारलं, तर त्याच वहीचं पहिलं पान उघडा. उत्तर तिथे तुमच्याच अक्षरात असेल.