आपल्या कुंपणाला आपली मोरवेल

क्लेमॅटिस म्हटले की रोपवाटिकांच्या सूचिपत्रांतील बशीएवढी जांभळी फुले डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमधील वोकिंग येथे जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली झालेल्या संकरातून या मोठ्या फुलांच्या वेलींना जगभर कीर्ती लाभली. तथापि त्या संकराचे आईबाप चीन व दक्षिण युरोपातले. हिवाळ्याच्या थंडीत विश्रांती घेणारी ही कुळे आपल्याकडील वैशाखाच्या तापलेल्या मातीत तग धरीत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, बेळगाव परिसरातील हौशी मंडळींनी महागड्या विदेशी रोपांच्या मागे न लागता याच कुळातील आपली मोरवेल लावावी.

मोरवेल किंवा रानजाई या नावांनी आपल्याकडे क्लेमॅटिसच्या एकाहून अधिक देशी जाती ओळखल्या जातात. सह्याद्रीच्या घाटांत व झुडपी रानांत त्या आपोआप वाढतात. पावसाळा सरल्यावर पांढऱ्या, मंद सुवासाच्या फुलांनी वेल झाकून जाते. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती वस्तुतः निदले होत. या फुलांना खऱ्या पाकळ्या नसतातच. फुलांमागून येणारी फळांची पिसासारखी रेशमी शेपटेही तितकीच देखणी असतात.

लागवड सोपी आहे. बी रुजण्यास विलंब लागतो. त्यापेक्षा पावसाळ्यात अर्धवट जून फांदी जमिनीत दाबून मुळे फुटू द्यावीत. रानातली वेल उपटून आणणे मात्र कटाक्षाने टाळावे. पाण्याचा निचरा होणारी, शेणखत घातलेली माती निवडावी. बुडाशी सावली आणि शेंड्याला ऊन, ही या कुळाची मुख्य गरज. त्यासाठी मुळांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. ही वेल पानांच्या देठांनी आधाराला विळखा घालते. चार्ल्स डार्विन यांनी वेलींवरील १८६५ च्या प्रबंधात या देठांच्या हालचालींची बारकाईने नोंद केली आहे. देठाला जाड खांब कवेत घेता येत नाही, म्हणून सुतळी किंवा बारीक तारेची जाळी द्यावी. फुले नव्या फुटीवर येतात. यास्तव हिवाळा संपताना वेल जमिनीपासून सुमारे फूटभर उंचीवर, सशक्त डोळ्यांच्या वर छाटावी. हात आखडता घेतल्यास खाली नुसती काष्ठे उरतात आणि फुले दृष्टीआड उंचावर जातात.

छाटताना हातमोजे अवश्य घालावेत. बचनाग आणि कलौंजी ज्या कुळातील, त्याच कुळातील ही वेल. ताजे पान चुरडले की त्यातून प्रोटोअ‍ॅनेमोनिन हे दाहक द्रव्य तयार होते व त्वचेवर फोड येऊ शकतात. फ्रान्समधील भिकारी एके काळी तिथल्या रानटी क्लेमॅटिसचा रस अंगाला चोळून कृत्रिम जखमा करीत आणि लोकांची दया मिळवीत; त्यावरून तिला भिकाऱ्यांची वनस्पती असे नावच पडले. पाने वाळल्यावर हा दाहकपणा पुष्कळ कमी होतो.

वैद्यकीय व्यावसायिकांनी ही वेल लावावी असा आग्रह मी धरतो, तो याचसाठी. आयुर्वेदातील मूर्वा या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेली वापरल्या जातात व त्यांत मोरवेलही आहे. नाव एक आणि वनस्पती अनेक, अशा स्थितीत ऐकीव माहितीवर कुणी ताजा पाला ठेचून त्वचेवर बांधला, तर औषधाऐवजी व्रणच पदरी पडायचा. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत दूर करणे हे आपले कर्तव्यच आहे. दवाखान्याच्या कुंपणावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने मोरवेल चढवावी. शेजारी तिचे नाव, तिचे कूळ आणि ‘ताजा पाला अंगाला लावू नये’ ही सूचना मराठीत व कन्नडमध्ये लिहावी. रुग्णाला आपल्या पाळीची वाट पाहता पाहता रानातल्या एका वेलीची नीट ओळख होईल, आणि ज्या वेलीची ओळख पटली ती गवत समजून तोडताना हात थोडा तरी थांबेल.