टेसचं बाळ कुठं गेलं?



जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवर सिनेमे काढणारे गरीब-श्रीमंतीची गोष्ट ठेवतात आणि पापाची गोष्ट आपल्या सोयीने छाटतात, अशी आमची तक्रार आहे.

थॉमस हार्डीची टेस घ्या. कादंबरी १८९१ची. गरिबाघरची पोर, श्रीमंत ॲलेक तिच्यावर हात टाकतो, तिला मूल होतं. यावर १९६७ साली आपल्या नूतनचा 'दुल्हन एक रात की' आला, आणि २०११ साली मायकल विंटरबॉटमने 'तृष्णा' राजस्थानात नेऊन काढला. कष्टकरी मुलगी नि हॉटेलमालकाचा मुलगा. देखणा सिनेमा आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात कादंबरीतले दोन पुरुष मिळून एकच केला आहे.

इथंच घोटाळा होतो. ॲलेक वाईट आहे हे ओळखायला संडे स्कूल लागत नाही. खरा प्रश्न एंजलचा, पाद्रीसाहेबांच्या सज्जन मुलाचा. लग्नाच्या रात्री तो स्वतःची जुनी चूक सांगतो आणि टेस त्याला तिथल्या तिथं क्षमा करते. मग ती आपली हकिगत सांगते, तेव्हा मात्र याला क्षमा सुचत नाही. हा एंजल पडद्यावरून गेला की आपण सगळे निर्दोष सुटतो.

आणि बाळ? कादंबरीत ते मरायला टेकतं तेव्हा टेस रात्री लहान भावंडांना उठवते, गुडघ्यांवर बसवते आणि स्वतःच्या हातांनी बाळाला बाप्तिस्मा देते. मरणाच्या दारात कोणीही ख्रिस्ती माणूस पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो, असं आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. तिथला पाद्री तो बाप्तिस्मा चालेल म्हणतो, पण ख्रिस्ती दफन नाकारतो. बाळाला दारुडे आणि आत्महत्या केलेले यांच्या कोपऱ्यात पुरतात. टेस दोन पट्ट्या दोरीने बांधून क्रूस करते. 'तृष्णा'त गर्भपात होतो आणि हे सगळं वगळलं जातं. पाद्रीही सुटला.

कोणी म्हणेल, एवढं धर्माचं आज कोण बघतं? आमच्या आदिलाबादेत कापूस वेचायला जाणाऱ्या पोरींना मालकाचा पोरगा कसा असतो हे सिनेमाने सांगायला नको. त्यांना धास्ती असते ती आपल्याच मंडळीची. प्रार्थनेनंतर मंदिराच्या पायरीवर बायका काय कुजबुजतील, पोराचं नाव रजिस्टरात कसं लिहितील, लग्नाला कोण उभं राहील. ही भीती दाखवणारी कादंबरी हाताशी असताना तेवढंच गाळायचं, याला आम्ही आधुनिकपणा म्हणणार नाही.

आणि "असल्या गोष्टी मुलींना दाखवू नका" म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही विचारतो: योहानाच्या ८व्या अध्यायातली बाई मग कुणाला दाखवायची?

येत्या उपवासकाळात तरुणांच्या बैठकीत आम्ही टेसचं १४वं प्रकरण मराठीत सांगणार आहोत. मुलग्यांनी तर यायचंच.