हजार डॉलरचं घर
अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये ओस पडलेली घरं विकणाऱ्या लँड बँकेच्या लिलावात घराची बोली हजार डॉलरपासून सुरू होते म्हटल्यावर पुण्यामुंबईकडच्या माणसाला घेरीच यावी. आत शिरलं की उलगडा होतो: भिंती फोडून तांब्याचे पाइप चोरांनी कधीच लांबवलेले, बॉयलर गायब, छपरातून आभाळ दिसतंय. त्यात सहा महिन्यांत घर राहण्याजोगं करायची अट, आणि असल्या पडक्या घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे दुरुस्तीचे हजारो डॉलर रोखच हवेत. एवढी घरं ओस पडली, कारण 1950 साली साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर 2020 मध्ये साडेसहा लाखांच्याही आत आलं. मधे, 2013 ला, महापालिकेचं दिवाळंही वाजलं. तरी शेजारी दिवा लागत असेल तर मी घेईन बुवा. लगतचा मोकळा प्लॉटही शंभर डॉलरला मिळू शकतो.