नियम तटस्थ नसतात : 'सर्व खेळांना एकच नियमावली' या दाव्याची चिकित्सा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत एक वाद गेली चाळीसएक वर्षे धुमसतो आहे. एक गट म्हणतो, उत्तम नियमावली एकच असावी आणि तिच्यात कुठलीही कथा बसवता यावी. दुसरा गट म्हणतो, प्रत्येक खेळाला त्याच्या विषयातून आलेले स्वतःचे नियम हवेत. पहिला गट स्वतःला तटस्थ म्हणवतो आणि दुसऱ्याला हट्टी ठरवतो. या तटस्थतेच्या दाव्याचीच इथे चिकित्सा करायची आहे.

हे खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि सगळे मिळून एक कथा घडवतात. प्रत्येक पात्र कागदावर आकड्यांत लिहिलेले असते : ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती. जमेल की नाही अशी शंका असलेली कृती आली की फासे टाकायचे आणि आकड्यांशी ताडून निकाल लावायचा. म्हणजे माणसातले काय मोजायचे आणि काय मोजायचेच नाही, हे नियमावली आधीच ठरवून ठेवते. 'खेळच तर आहे' असे म्हणून हा प्रश्न झटकता येत नाही. ज्या खेळाचे सगळे आकर्षणच दुसऱ्या माणसाच्या कातडीत शिरण्यात आहे, तिथे माणूस कुठल्या मापाने मोजला जातो हीच मुख्य गोष्ट आहे.

आता एकाच नियमावलीची बाजू पाहू. तिचे ठळक उदाहरण म्हणजे स्टीव्ह जॅक्सन गेम्सची १९८६ मध्ये आलेली 'गर्प्स'. 'जनरिक युनिव्हर्सल' हे शब्द तिच्या नावातच आहेत. चार मूलभूत क्षमता, तीन फासे आणि ठरावीक गुणसंख्या खर्च करून घडवलेले पात्र. मग कथा अंतराळातली असो की मध्ययुगातली. या बाजूचे म्हणणे असे की नियम एकदा शिकले की झाले, दर वेळी नवे पुस्तक घ्यावे लागत नाही, आणि सर्वांना एकच माप लागत असल्याने पक्षपात होत नाही. पहिले दोन मुद्दे खरे आहेत. तिसरा तपासायला हवा.

पहिला प्रश्न : हे माप आले कुठून? १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला. त्याची मुळे सैन्याच्या छोट्या बाहुल्या मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होती. म्हणून त्यात चिलखत मोजले गेले, घाव मोजले गेले. सुरुवातीच्या नियमांत एक सोन्याचे नाणे सुखरूप बाहेर आणले की अनुभवाचा एक गुण मिळे. नियम ज्याला बक्षीस देतो, तेच खेळाडू करतो. खेळाडू खजिना शोधू लागले यात नवल काय? 'गर्प्स'चीही गोष्ट फार वेगळी नाही. तिचा लढाईचा भाग 'मॅन टू मॅन' या नावाने आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, आधीच बाजारात आला होता. लढाई हा ज्या घराचा पाया आहे, त्याला चार खिडक्या जास्त पाडल्या म्हणून त्याची धर्मशाळा होत नाही.

याचा परिणाम एका उदाहरणात स्वच्छ दिसतो. १९८१ चा 'कॉल ऑफ कथुलू' हा भयकथांचा खेळ आहे. त्यात पात्राची शारीरिक सहनशक्ती अनुभवाने वाढत नाही. शिवाय विश्वाच्या भयंकर रहस्यांचे ज्ञान जितके वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. जाणण्याची किंमत मोजावी लागते, हा त्या कथांचा गाभा नियमात उतरला आहे. २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची 'डी-२०' पद्धत खुल्या परवान्याखाली आली आणि जो तो आपला विषय तिच्यात बसवू लागला. २००२ मध्ये याच भयखेळाची डी-२० आवृत्ती निघाली. मनःस्वास्थ्याचा नियम तिने ठेवला, पण पात्रांना पातळ्याही दिल्या. प्रत्येक वरच्या पातळीला पात्र मारायला अधिक अवघड होत जाते. एक नियम सांगतो, तू क्षुद्र आहेस. दुसरा सांगतो, तू वीर होतो आहेस. लिहिणारे कसलेले होते. दोष त्यांच्या हाताचा नाही, उसन्या चौकटीचा आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. एकच नियमावली म्हणजे एकच चलन. 'गर्प्स'मध्ये पात्राची प्रत्येक गोष्ट गुणांत विकत घ्यावी लागते आणि प्रत्येक उणिवेबद्दल गुण परत मिळतात. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत 'सोशल स्टिग्मा', म्हणजे सामाजिक कलंक, ही अशीच एक उणीव आहे. प्रबळ समाज ज्यांना हीन मानतो अशा अल्पसंख्य गटातले पात्र घेतले, तर १० गुण परत मिळतात. आणि त्याच पुस्तकात ताकद एका अंकाने वाढवायला बरोबर १० गुण लागतात! म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची अवहेलना द्या आणि एका अंकाची ताकद घ्या. हिशेब चोख, कुणावर अन्याय नाही. रचनाकारांचा हेतू पात्रांत समतोल राखण्याचा होता हे मान्य. लोकांच्या तिरस्काराचा फटका पात्राला खेळात बसतो, तोही नियम तिथे आहे. पण अवहेलनेची भरपाई म्हणून आधीच काहीतरी हाती पडते, हे ज्याने ती सोसली आहे तो मान्य करील काय? सर्वांना एकाच तराजूत घालायचे ठरले की असेच व्यवहार करावे लागतात.

याउलट विषयातून आलेले नियम काय करतात? ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या 'पेंड्रॅगन'मध्ये आर्थर राजाच्या सरदारांचे स्वभाव तेरा विरुद्ध जोड्यांत मोजले जातात : क्षमाशील की सूडबुद्धीचा, उदार की स्वार्थी. जोडीची बेरीज नेहमी वीस. एक वाढले की दुसरे घटते. तलवार आहेच, पण कसोटी चारित्र्याची लागते. ज्युलिया बाँड एलिंगबो यांनी अमेरिकेतील गुलामगिरीवर २००७ मध्ये 'स्टील अवे जॉर्डन' हा खेळ केला. त्यात गुलाम पात्राची मध्यवर्ती संख्या आहे 'वर्थ', म्हणजे किंमत. माणसावर बाजाराने लावलेला आकडा खेळाडूला सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. इथे अन्यायाबद्दल गुण परत मिळत नाहीत. अन्याय हीच खेळाची जमीन आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो : नियम खेळागणिक बदलू लागले तर गेम मास्टरची मनमानी माजेल, सर्वांना समान नियम हेच दुबळ्याचे संरक्षण आहे. मनमानीची भीती खोटी नाही. पण संरक्षण मिळते ते नियम लेखी असल्यामुळे आणि सर्वांना वाचता येत असल्यामुळे. तो सगळ्या खेळांना लागू असल्यामुळे नव्हे. 'पेंड्रॅगन'चे नियमही छापील आहेत, तेही गेम मास्टरला बांधून ठेवतात.

आणि नियम सर्वत्र एकसारखा असला म्हणजे न्याय्य असतो काय? १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा कमी कमाल मर्यादा घातली होती. मानवेतर वंशांतल्या पात्रांना बहुतेक पेशांत ठरावीक पातळीच्या वर चढताच येत नसे. लेखी होते, छापील होते, सर्व टेबलांवर सारखे होते. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे कोष्टक कसे असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ही बंधने हळूहळू गेली. २०२० मध्ये वंशानुसार मिळणारी क्षमतावाढ बदलून घेण्याची मुभा आली. २०२४ च्या पुस्तकात 'रेस' हा शब्द गेला आणि ती वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. नियम 'सर्वांचा' होता म्हणून हे घडले नाही. खेळणाऱ्यांनी तो प्रश्नांकित केला म्हणून घडले.

शिवाय सर्वांच्या नियमावलीला मालक एकच असतो, हेही विसरू नये. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो जुना खुला परवाना मागे घेण्याचा घाट घातला, तेव्हा त्यावर पोट असलेल्या छोट्या प्रकाशकांच्या पायाखालची जमीन सरकली. खेळाडू आणि प्रकाशक खवळून उठले, म्हणून कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुले केले.

याचा अर्थ प्रत्येक खेळाने फासे टाकण्याची रीतसुद्धा नव्याने शोधावी असा नाही. केऑसियम या प्रकाशनाने १९८० मध्येच 'बेसिक रोल-प्लेइंग' हा छोटा समान गाभा काढला होता, आणि 'कॉल ऑफ कथुलू' त्याच गाभ्यावर उभा आहे. फासे समान, पण मनःस्वास्थ्याचा नियम त्याचा स्वतःचा. समान काय असावे आणि काय असू नये, याचे उत्तर इथे मिळते. फासे टाकायची रीत समान असू द्या. माणूस मोजायचे माप मात्र ज्याची कथा आहे त्याच्या आयुष्यातूनच आले पाहिजे.

म्हणून कोणी 'ही नियमावली कशालाही चालते' असे म्हणत पुस्तक पुढे केले, तर आधी तीन प्रश्न विचारा. यात काय मोजले आहे? बक्षीस कशाला आहे? आणि जे मोजलेलेच नाही, ते कोणाच्या वाट्याला आलेले जगणे आहे? उत्तरे मिळाल्यावरच फासे हातात घ्या.