नवतप्यात टिकलं तरच खरं

माझा भाचा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी लग्नांचं व्हिडिओ एडिटिंग करतो. आमच्याकडची लग्नसराई एप्रिल-मेची. बाहेर पारा ४५-४६ वर गेलेला असतो, नेमकं तेव्हाच त्याच्या संगणकाला दिवसरात्र रेंडरचं काम असतं. गेल्या मे महिन्यात भर दुपारी त्याचा फोन आला. "मामाजी, रेंडर अर्ध्यातच बंद होऊन राह्यलं. जानेवारीत त रात्रभर टेस्ट लावली होती, काहीच झालं नव्हतं."

तो खोटं बोलत नव्हता. जानेवारीत खरंच काही झालं नव्हतं, आणि तिथेच सगळी गोम होती.

त्याच्याकडे रायझन ५ ३६०० आहे, सहा कोरचा. जानेवारीत त्याने बायोसमध्ये जाऊन सगळे कोर ४.३ गिगाहर्ट्झवर बांधले आणि व्होल्टेज १.३५ ठेवलं. ओव्हरक्लॉकिंग मुळात एवढंच असतं. बोर्डावरची मूळ चाल १०० मेगाहर्ट्झची. प्रोसेसर तिला एका आकड्याने गुणतो, ४३ ने गुणलं की ४.३ गिगाहर्ट्झ. मूळ चालीला हात लावायचा नाही, कारण बोर्डावरची इतर मंडळीही तिच्याच तालावर चालतात. फक्त गुणक वाढवायचा. वेग वाढला की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो, आणि खरं दुखणं इथे सुरू होतं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

सगळ्याच संगणकांवर हे जमत नाही. इंटेलचा असेल तर नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. रायझन बहुतेक सगळे खुले असतात, पण ए३२० किंवा ए५२० चा स्वस्त बोर्ड असला तर वाट बंद. खरेदीच्या आधी एवढं बघून घ्यावं.

आता भाच्याच्या खोलीकडे येऊ. जानेवारीत खोली २२ अंशांवर होती, पूर्ण भारावर प्रोसेसर ७६ दाखवत होता. फरक ५४ चा. हीटसिंक आणि पंखा कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर तेवढं आवरून धरतो. मे महिन्यात वाळ्याची ताटी लावलेला कूलर सुरू असताना त्याची खोली ३२ वर असते. ३२ आणि ५४ मिळून ८६. चालतं कसंतरी. मग वीज जाते. संगणक इन्व्हर्टरवर, कूलर थेट लाइनवर. वर टिनाचं छप्पर. बघता बघता खोली ४१ वर. ४१ आणि ५४ मिळून ९५, आणि या प्रोसेसरची मर्यादा बरोबर ९५ अंशांची आहे. शिवाय गरम झालेल्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे जानेवारीत पुरलेलं १.३५ मे महिन्यात अपुरं पडायला लागतं. मर्यादा गाठायच्या आधीच गणितं चुकू लागतात.

ओव्हरक्लॉकिंगचं जे शिक्षण आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत बसून दिलेलं असतं. त्यातले आकडे खोटे नसतात, पण ते चंद्रपूरचे नसतात. म्हणून माझं सांगणं एकच आहे. आपल्या जिल्ह्यात हा उद्योग शिकायचा असेल तर मे महिन्यात शिका. थंडीत जुळवलेला आकडा कच्चा धरा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी दोनला, कूलर बंद ठेवून जो आकडा टिकेल तोच आपला.

चाचणी कशी घ्यावी, तर आधी काहीही न बदलता. कंपनीच्या सेटिंगवर सिनेबेंच चालवा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा आणि दोन्ही वहीत लिहा. खोलीचं तापमानही लिहा. ते लिहायला सगळे विसरतात, आणि त्याच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. मेमरीवर शंका असेल तर मेमटेस्ट८६ आधीच उरकून घ्या, नाहीतर दोष एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला. मग गुणक एक पायरी वर, दहा मिनिटं सिनेबेंच, पुन्हा एक पायरी. संगणक अडला की एक-दोन पायऱ्या मागे या आणि तिथे लांबची परीक्षा लावा: ओसीसीटी किंवा प्राइम९५. प्राइम९५ मुळात मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्यांचं साधन. त्यातल्या कसोटीची उत्तरं आधीच ठाऊक असतात, त्यामुळे प्रोसेसर एका ठिकाणी जरी चुकला तरी ते लगेच पकडतं आणि ते काम थांबवतं. संगणक वरून व्यवस्थित चालतोय असं वाटत असतानाही ते सांगतं की हा चुकला. बायोसमधून काही भलतंच झालं आणि पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. बोर्डावरचं सीमॉस क्लिअर केलं की सगळं मूळपदावर येतं.

संगणक बंद पडला तर निदान कळतं तरी. भाच्याच्या आधीच्या एका फाइलमध्ये, नवरीच्या पाठवणीच्या दृश्यात, एका फ्रेमवर हिरवी पट्टी उमटली होती. जेमतेम डोळ्याची पापणी लवेल एवढीच. त्याने कार्ड खराब झालं असं समजून सोडून दिलं. मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला, तर त्यात हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हिया-लॉगरच्या नोंदींची रांग लागलेली. प्रोसेसर आठवडाभर कण्हत होता. मूळ शूटिंग कार्डवर शाबूत होतं म्हणून पुन्हा रेंडर करता आलं. एखाद्याने कार्ड पुसून टाकलं असतं तर त्या घरची ती आठवण तशीच डागाळलेली राहिली असती. मला या छंदातली सगळ्यात मोठी भीती हीच वाटते. बंद पडणं परवडलं, गुपचूप चुकणं नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला तेव्हा बसची गती ६६ वरून १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, फुकट. या छंदाची ख्याती त्या दिवसांची आहे. आता कंपन्या कारखान्यातूनच प्रोसेसर काठापर्यंत ताणून पाठवतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं काय झालं ते आठवा. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, ग्राहकाने कशालाही हात न लावता ते झिजले, आणि कंपनीला मायक्रोकोड बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीनेही सुधारला नाही. मग टिनाच्या छपराखाली आपण आणखी व्होल्टेज कशासाठी चढवायचं?

मी भाच्याला उलट्या वाटेने नेलं. ४.३ चे ४.१ केले आणि व्होल्टेज पायरीपायरीने उतरवत १.२० वर आणलं. हिशेब करून बघा: वेग पाच टक्क्यांच्या आत कमी झाला, उष्णता पाव हिस्सा घटली. माझ्या मते नवशिक्याने पहिला धडा हाच घ्यावा. बायोस तेच, चाचण्या त्याच, हात तसाच बसतो, आणि प्रोसेसरला धोका जवळजवळ नाही. व्होल्टेज चढवण्याने वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

त्याचा हीटसिंक उघडला तेव्हा पात्यांच्या मध्ये धुळीचा करडा थर नमद्यासारखा बसलेला होता, बोटाने सलग सोलून निघाला. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर या कोळशाच्या पट्ट्यात हाच थर काळा निघतो. ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं, पेस्ट नवी लावली. हे उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी करायला हवं. आणि कूलरच्या झोताच्या थेट समोर कॅबिनेट ठेवू नका; पाण्याचे तुषार आत जातात, क्षाराचे पांढरे डाग बोर्डावर उमटतात.

गडचिरोलीच्या वाचकांसाठी आणखी एक. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, जंगलातून आलेली लाइन पावसात कधी जाईल याचा नेम नसतो. अशा दिवसांत बायोस अपडेट करायला बसू नका. सेटिंग बदलताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही, अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्डच जाऊ शकतो. यूपीएस असला तरी आभाळ मोकळं होईपर्यंत थांबा. एसएमपीएसही १०० ते २४० व्होल्ट झेलणारा, चांगल्या प्रतीचा घ्या; प्रोसेसरवर वाचवलेले पैसे तिथे घाला.

नवतप्याच्या पाचव्या दिवशी मी मूलला गेलो. दुपारी दोनला भाच्याने स्वतःहून कूलर बंद केला आणि ओसीसीटी लावलं. दोघंही ओल्या पंच्याने मान पुसत तासभर पडद्याकडे बघत बसलो. एकही चूक नाही. मग त्याने कॅबिनेटवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करने लिहिलं: ४.१, १.२०, खोली ४१, प्रोसेसर ८२. आणि कूलर सुरू करायच्या आधी आदल्या रात्रीच्या लग्नाचं रेंडर लावून टाकलं.