‘फुलाची पाकळी’ नको, हिशेब द्या

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आणि दिवाळीच्या तोंडावर प्राध्यापकांच्या हाती एका विशिष्ट गद्यप्रकाराचे नमुने हमखास पडतात. ‘आपण समाजाचे काही देणे लागतो’ हे त्याचे पहिले वाक्य आणि ‘फूल ना फुलाची पाकळी देऊन उपकृत करावे’ हे शेवटचे. मधल्या परिच्छेदांत ‘तळागाळातील’, ‘उपेक्षित’, ‘निःस्वार्थ’, ‘अविरत’ ह्या विशेषणांची दाटी असते. दोन पाने वाचून झाल्यावर संस्था नेमके काय करते, तिला किती रक्कम हवी आहे, कशासाठी आणि केव्हापर्यंत, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही. लागते ती फक्त एक अस्वस्थ अपराधी भावना, आणि तीही पत्र खणात जाईपर्यंतच टिकते.

देणगीचे आवाहन हा व्यवस्थापनाचा विषय आहे, साहित्याचा नव्हे, असे मराठीचे बहुसंख्य अध्यापक मानतात. हे आम्हांस मान्य नाही. अनोळखी वाचकाला आपल्या शब्दांनी कृतीस प्रवृत्त करणे ही गद्याची सर्वांत कठीण परीक्षा आहे. तिच्यात मराठी गद्य आज नापास होत असेल तर त्याची चिकित्सा साहित्याच्या वर्गातच व्हायला हवी.

आमचा आक्षेप मुळाशी आहे. आजचे आवाहन करुणेवर उभे आहे. मराठीतील जुने, यशस्वी आवाहन मोजमापावर उभे होते. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या ‘पैसा फंडा’चे उदाहरण घ्या. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारावेत, ही कल्पना. तिच्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. ‘मुष्टिफंड’ हा दुसरा शब्द पाहा. घरटी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते शाळेला द्यायचे. गोव्यात पणजीची एक शिक्षणसंस्था आजही हेच नाव धारण करून आहे. ह्या दोन नावांत पूर्ण आवाहन सामावले आहे. किती द्यायचे ते नावातच सांगितले आहे, आणि ते गरिबातल्या गरिबालाही जमावे एवढे आहे. ‘फुलाची पाकळी’ ह्या प्रतिमेत नम्रता असेल. माप मात्र नाही. आणि माप नसलेली मागणी वाचकाला विचार करायला लावत नाही, ती त्याला केवळ संकोचात टाकते.

धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, तेव्हा विधवांच्या शिक्षणाविषयी समाज सहानुभूती दाखवण्यास फारसा उत्सुक नव्हता. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारा हा माणूस सुटीत वर्गणीसाठी गावोगाव हिंडला. त्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) वाचणाऱ्यास जाणवते ते त्यातील कोरडे, सरळ, आकड्यांना न बिचकणारे गद्य. पुढे १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी त्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले, हे सर्वांच्या स्मरणात असते. त्याआधीची जवळजवळ पाव शतकाची लहान लहान वर्गण्यांची पायपीट मात्र विसरली जाते. मोठी देणगी त्या विश्वासाच्या पायावर आली होती.

अलीकडचा दाखला हवा असल्यास ‘मुक्तांगण’चा घ्यावा. अनिल अवचट ह्यांनी गर्दच्या व्यसनाविषयी जे लिहिले ते आवाहन नव्हतेच. त्यात त्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ साली व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. नीट वर्णन केलेले वास्तव वाचकाला स्वतःहून खिशाकडे हात न्यायला लावते, ह्याहून स्वच्छ पुरावा कोणता?

ह्यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, आफ्रिकेतील दुष्काळाच्या आकडेवारीपेक्षा रोकिया नावाच्या एका मुलीची गोष्ट वाचून लोकांनी अधिक पैसे दिले. गोष्टीला आकड्यांची जोड दिली तर देणगी उलट घटली. मग आकडे कशाला? चेहरा दाखवा, असे निधिसंकलनाचे सल्लागार सांगतात.

आमचे उत्तर दुहेरी आहे. एक, त्या प्रयोगातला दाता एकदाच देतो. संस्थेला मात्र पुढच्या वर्षीही त्याच दारी जायचे असते, आणि तेव्हा तो गतवर्षीच्या पैशाचे काय झाले हे विचारणार असतो. शिवाय, लाखो भुकेल्यांचा आकडा वेगळा आणि एका टाकीची किंमत वेगळी. पहिला वाचकाला हतबल करतो, दुसरा त्याला काम देतो. दोन, ती मुलगी स्वतः ते पत्र वाचेल ही शक्यता प्रयोगात धरलेलीच नाही. येथे ती वाचते. आमच्या एका विद्यार्थिनीला आपले लहानपणचे छायाचित्र एका वसतिगृहाच्या पत्रकावर सापडले. खाली ‘मायेला पारखी’ असे छापले होते. “माझी आई दर महिन्याला भेटायला यायची, मग मी मायेला पारखी कशी?” असे तिने विचारले. ह्या प्रश्नाला कोणत्याही सल्लागाराकडे उत्तर नाही. ज्याच्यासाठी मागायचे त्याच्याविषयी, त्याच्या समोर मोठ्याने वाचता येणार नाही असे एकही वाक्य लिहू नये, हा नियम आम्ही पहिला मानतो.

दुसरे टोक कंपन्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रस्तावांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. तेव्हापासून ‘हितधारक’, ‘क्षमताबांधणी’, ‘शाश्वत परिणाम’ अशी भाषांतरित मराठी गावच्या ग्रंथालयाच्या पत्रातही शिरली. आसवांची भाषा माणसाला दीन करते, ही भाषा त्याला नाहीसाच करते.

मग लिहावे कसे? एक कल्पित नमुना देतो. “आमच्या वसतिगृहात ४२ मुली राहतात. पाण्याची टाकी ५,००० लिटरची आहे आणि उन्हाळ्यात पाणी दोन दिवसांआड येते. तेवढीच दुसरी टाकी नळजोडणीसह बसवण्यास ६०,००० रुपये लागतील. २२,००० जमले आहेत. उरलेले ३८,००० मार्चअखेर हवे आहेत. आपण ५०० रुपये द्यावेत अशी विनंती आहे. टाकी बसल्यावर बिलाची प्रत आपणांस पाठवू.” ह्यात एकही भावनिक विशेषण नाही. मुलींचा मान शाबूत आहे, आणि देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीकही आहे. खाली सही असावी ती काम पाहणाऱ्या माणसाची, आणि बिलाची प्रत खरोखरच जावी. पोचपावतीनंतरचे हे दुसरे पत्र बहुतेक संस्था लिहीतच नाहीत. वास्तविक पुढच्या वर्षीची देणगी त्याच पत्रावर अवलंबून असते.

व्यावहारिक मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आजही रजेचे अर्ज आणि अभिनंदनाची पत्रे विचारली जातात. त्यांच्या जोडीला हा प्रश्न घालावा, अशी आमची मागणी आहे: परिसरातील एका खऱ्या संस्थेत जा, तिचा जमाखर्च वाचा, तिथल्या माणसांशी बोला आणि तीनशे शब्दांत आवाहन लिहा. गुण देण्यापूर्वी ते त्याच माणसांना वाचून दाखवावे. त्यांनी मान खाली घातली तर ते पत्र परत लिहायला सांगावे.